महिन्यांच्या नावाच्या मुली

काल दुपारी वैष्णवीचा मामा आला आणि तिला सुट्टीसाठी घेऊन गेला. जाणारी ती शेवटची. मांडीवर पिशवी घट्ट धरून ती गाडीवर मामाच्या मागे बसली, "येते ताई" म्हणाली आणि लोहाऱ्याच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली. मी फाटक लावलं. वळले तर सगळं आवार माझ्याकडे बघत असल्यासारखं गप्प. नळाखाली बादली नव्हती, दोरीवर एकही फ्रॉक नव्हता आणि झोपाळा हलत होता. वाऱ्यानंच हलत असणार. यवतमाळचं एप्रिलचं वारं कशालाही हलवतं.

बाहेरच्या माणसांना वाटतं की बालगृहातल्या सगळ्या मुली अनाथ असतात. तसं नसतं. बहुतेकींचं कोणीतरी असतं. कुणाची आई असते, पण मजुरीला गावोगाव फिरते. कुणाचा आजा असतो, पण त्याला दिसत नाही. परीक्षा संपली की ही माणसं एकेक करून फाटकाशी येतात, सही करतात आणि आपली मुलगी घेऊन जातात. शाळा सुरू असेपर्यंत सगळ्या सारख्या असतात, एकाच रांगेत, एकाच कापडाच्या फ्रॉकात. सुट्टी लागली की कळतं, कोण खरोखर कोणाचंच नाही.

मी त्यातली. आता इथे मुलींची ताई म्हणून काम करते, पण वाढले पांढरकवड्याच्या बाजूच्या एका बालगृहात. एका अंगाला हैदराबादकडे जाणारा हायवे आणि दुसऱ्या अंगाला जंगल. आमच्याकडे एक पद्धत होती. ज्या मुलीला आणताना नाव नसायचं, तिला ती आली त्या महिन्याचं नाव मिळायचं. मी आश्विनात सापडले म्हणून आश्विनी. माझ्याहून मोठी श्रावणी. आमच्या आधी एक फाल्गुनी होऊन गेली म्हणे. नाव ऐकलं की कुणालाही कळायचं, हिच्या मागे कोणी नाही. पाहुणे यायचे, नावं विचारायचे, आणि आमची नावं ऐकून "वा, किती छान" म्हणायचे.

मोहाचा वास आला की मला तो एक उन्हाळा आठवतो. मी सातवीची परीक्षा दिली होती. सगळ्या गेल्यावर आम्ही उरलो चौघीच. श्रावणी, मी, ढाणकीची रेश्मा आणि नवीन आणलेली चैताली. रेश्माला खरं तर चाचा होता. दर सुट्टीला तो सकाळच्या बसनं यायचा. त्या वर्षी आला नाही. पहिले काही दिवस ती पिशवी भरून फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसायची, जेवायलाही तिथंच मागायची. मग एक दिवस पिशवी उचलून आत आली आणि कपडे पेटीत लावून टाकले.

रिकामं बालगृह मोठं होतं. म्हणजे खरंच मोठं वाटायचं, भिंती मागे सरकल्यासारख्या. लोखंडी पलंगांवर गाद्या गुंडाळून ठेवलेल्या असायच्या आणि उन्हाच्या तिरिपेत त्या पाय पोटाशी घेऊन झोपलेल्या मुलींसारख्या दिसायच्या. जेवणाच्या खोलीत आम्ही बोलायचं टाळायचो, कारण आवाज भिंतीला लागून परत यायचा आणि परत येताना तो आपला राहायचा नाही. कमलमावशीला सवयीनं भाताचा अंदाज चुकायचा. मोठं पातेलं चढवायची, मग स्वतःशीच म्हणायची, "इतकं कोणासाठी शिजवून राह्यली मी?" मावशी समोरच्या वस्तीतली. विहारामागे तिचं घर, पण सुट्टीत ती मुक्कामालाच असायची. बालगृहाच्या मॅडम यवतमाळला राहायच्या, अधूनमधून यायच्या.

दुपारी आम्ही व्हरांड्यात चिंचा फोडत बसायचो. टरफलं एकीकडे, चिंचोके एकीकडे. झळ अशी की समोरचं मैदान पाण्यासारखं हलायचं. मैदानापलीकडे कंपाऊंडची भिंत, तिच्यापलीकडे सागाचं उघडं पडलेलं जंगल, आणि जंगलातून येणारा तो वास. मोहफुलांचा. गोड, जड, थोडा नासल्यासारखा. भरदुपारी तो भिंतीवरून उतरून व्हरांड्यात येऊन बसायचा.

चैताली पांढरकवड्याच्या बस स्टँडवर सापडली होती. बाकावर एकटी बसलेली. पोलिसांनी आणली तेव्हा चार-पाच वर्षांची असेल. बोलत नव्हती. चेहऱ्यावरून कोणी म्हणालं कोलाम आदिवासींतली असेल, म्हणून कोलामी बोलणारी एक बाई मुद्दाम बोलावली. ती बाई तिच्याशी किती वेळ गोड बोलत बसली. चैताली तिच्या बांगड्यांकडे बघत राहिली. तोंड उघडलंच नाही. चैत्र होता, म्हणून नाव पडलं चैताली. पण त्या नावाला तिनं कधी मान वळवली नाही. मागून नाव घेतलं तर ती आपली चालत राहायची, जणू दुसऱ्याच कोणाला बोलावताहेत.

आणि एका दुपारी, चिंचा फोडता फोडता, तिनं मान वर केली आणि म्हणाली, "ओऽ."

तिचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला. स्पष्ट, मोकळा, जरा कंटाळलेला. खेळातून उठायला नको असलेलं लेकरू आईला देतं तशी ओ. मग ती उठली, हातावरची चिंच फ्रॉकला पुसली आणि उन्हात अनवाणी चालत भिंतीपर्यंत गेली. तिथं उभी राहिली. भिंत तिच्या डोक्याहून उंच. थोड्या वेळानं परत आली आणि चिंचा फोडायला बसली.

"कोणाले ओ दिली वं तिनं?" मावशीनं विचारलं.

आमच्यापैकी कोणालाच हाक ऐकू आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. सावली पायाखाली आली की तिची मान वर व्हायची. मावशीचा चेहरा उतरला. मावशी भुताखेतांना मानणारी बाई नव्हती, वस्तीत कोणी अंगात आल्याचं सांगितलं तर ती हसायची. पण ती आम्हाला म्हणाली, "भर दुपारी कोणी बलावलं तर एकदम ओ नका देऊ, पोरींनो. पाह्यचं आधी, कोण आहे ते."

"काहून मावशी?" रेश्मानं विचारलं.

"माही माय सांगत होती. काहून ते तिनं नाई सांगतलं."

श्रावणीनं तर्क लढवला. जंगलात मोह वेचायला बाया येतात, त्या एकमेकींना लांबून साद घालतात, ही तेच ऐकत असेल. पटण्यासारखं होतं. आम्हाला बरं वाटलं. पण मावशी म्हणाली, "मोहवाल्या बाया पहाटं येतात. उन्ह तापलं की घरी जातात. या वक्ताले जंगलात कोणी नसते."

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. आम्हाला कोणी हाक मारत नसे. हजेरीला नाव घ्यायचे, ते वेगळं. उठायला घंटा, जेवायला घंटा, प्रार्थनेला घंटा. पण हाकेत नाव लांबतं. शेवटचं अक्षर ओढत ओढत कोणीतरी ते गल्लीच्या टोकापर्यंत फेकतं आणि पायाला दोरी बांधल्यासारखं एखादं लेकरू ओढलं जातं. दिवेलागणीला समोरच्या वस्तीतून अशा हाका यायच्या. आम्ही खिडकीशी उभ्या राहून ऐकायचो. कोणतं पोरगं पहिल्या हाकेला येतं, कोणतं शिव्या खाल्ल्यावर येतं, हे आम्हाला पाठ होतं. त्यांचे चेहरे मात्र आम्ही कधी पाहिले नव्हते.

त्यामुळे चैतालीला कोणीतरी बोलावतंय याची आम्हाला भीती वाटली हे खरं, पण भीतीच्या खाली दुसरंही काही होतं. मला वाटतं, त्यामुळेच पुढचं झालं.

आधी रेश्माला ऐकू आलं. ती हौदावर कपडे धूत होती. धावत आली आणि म्हणाली, चाचा आलाय, फाटकावरून आवाज देतोय. फाटकावर कोणी नव्हतं. रस्त्यावर लांबवर एक ट्रक उभा होता, त्याच्या सावलीत ड्रायव्हर झोपलेला. रेश्मा म्हणाली, "माझं नाव घेतलं त्यांनी. घरचं नाव." मग श्रावणी. ती सांगायला तयार नव्हती, पण दोन दिवस तिनं दुपारी व्हरांड्यात यायचं टाळलं आणि खोलीत कानाला ओढणी बांधून पडून राहिली.

माझा नंबर गच्चीवर लागला. वाळत घातलेल्या चिंचा उलटायला गेले होते. पायाला चटके बसत होते, म्हणून मी टाकीच्या सावलीत उभी राहिले. हवा अगदी थांबलेली. आणि कोणीतरी मला हाक मारली. बाईचा आवाज, फार लांबून नाही. नाव आश्विनी नव्हतं. दुसरंच काही. दोन अक्षरी, शेवट ओढलेला. मी विचार करायच्या आत माझी मान वळली. आश्विनी म्हटल्यावर मला नेहमी एक क्षण लागायचा, आजही लागतो, पण त्या नावाला माझी मान आपोआप वळली. भिंतीपलीकडे साग उभे होते, उन्हानं पांढरे पडलेले. तोंडात ओ आली होती. मी ओठ दाबून धरले.

खाली येईपर्यंत ते नाव मी विसरले. जिना उतरताना ते माझ्याजवळ होतं, शेवटच्या पायरीवर नव्हतं. कितीतरी नावं मी मनाशी म्हणून पाहिली. अजूनही पाहते. मान वळत नाही.

मग तो दिवस आला. विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं, म्हणून दुपारी टँकर आला. फाटक उघडलं, पाइप ओढला, हौद भरू लागला. मावशी पाइप धरून उभी. टँकर गेल्यावर तिनं सवयीनं व्हरांड्याकडे पाहिलं. चैतालीची जागा रिकामी होती. फोडलेल्या चिंचांचा छोटा ढीग तसाच.

आम्ही पलंगांखाली पाहिलं, कोठीत पाहिलं, हौदात वाकून पाहिलं. ते हौदात वाकणं मी विसरू शकत नाही. पाणी नुकतंच भरलेलं, हलत होतं. मावशीनं मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, पोलिसांना कळवते, तुम्ही बाहेर पडू नका. त्यांचंही बरोबर होतं. जंगलाच्या तोंडाशी वाघाचा वावर असल्याची पाटी होती, आणि ती उगाच लावलेली नव्हती. मावशीनं फोन ठेवला, पदर खोचला आणि म्हणाली, "श्रावणी, तू अठी थांब. पोलीस आले तर सांग, आम्ही कोणत्या बाजूनं गेलो ते." मग कोपऱ्यातली काठी घेतली. रेश्मा आणि मी न विचारताच तिच्या मागे निघालो. ती एकदा थांबली, आमच्याकडे पाहिलं, नको म्हणणार होती. पण म्हणाली एवढंच, "माह्या हाताले धरून राहा."

जंगलात धूर होता. मोह वेचणारे झाडाखालचा पाला जाळतात, फुलं नीट दिसावी म्हणून. सकाळी लावलेली आग ठिकठिकाणी अजून धुमसत होती. राखेची वर्तुळं, त्यांच्या मधोमध काळ्या बुंध्याची झाडं. पायाखालची सागाची पानं इतकी वाजायची की आपल्या मागून कोणी येत असेल तरी कळणार नाही. मावशी हाका मारत होती. "चैतालीऽऽ! ए चैतालीऽऽ!" त्या नावाचा तिथं काही उपयोग नव्हता. ते नाव बालगृहातलं होतं, हजेरीचं. जंगलात ते कोणाचंच वाटत नव्हतं. मावशीलाही ते जाणवलं असावं. ती थांबली, घाम पुसला.

"या नावानं ते येत नाई," ती म्हणाली. "आन् तिचं नाव काय, मले काय मालूम? कशी बलावू मी तिले?"

रेश्मा माझ्याहून लहान. पण बोलली तीच.

"मावशी, ती बुलवल्यावर येतच नाही. ती फक्त ओ देते. आपण ओ देऊ."

मावशीनं काठी बगलेत मारली आणि आमचे हात घट्ट धरले. मग तिघींनी मिळून, हात न सोडता, जंगलाकडे तोंड करून ओ दिली. कोणी न मारलेल्या हाकेला. "ओऽऽ." आमचे आवाज सागांमधून गेले. मला वाटलं, आता कोणीही उत्तर देऊ शकतं. मी डोळे मिटले.

"ओऽ," धुरातून आवाज आला. तोच, जरा कंटाळलेला.

ती एका मोठ्या मोहाखाली बसली होती. इतर झाडांसारखं तिथं जाळलेलं नव्हतं. पाला झाडून, एका कडेला लावून, जमीन अंगणासारखी लख्ख केलेली होती. त्यावर फुलं पडलेली, पिवळट, ओली. तिनं दोन ढीग केले होते, एक लहान आणि एक मोठा. झाडाला टेकवून काटक्यांचा खराटा उभा होता. तिच्याहून उंच.

मावशी गुडघ्यांवर बसली, तिला छातीशी धरलं, मग लांब करून तिचे पाय, हात, डोकं पाहिलं. ओरखडासुद्धा नव्हता. "कोणी झाडलं वं हे? कोण होतं तुह्यासंगं?"

चैतालीनं एक फूल उचललं. तोंडात घालेल असं वाटलं. पण तिनं ते मोठ्या ढिगावर ठेवलं, अलगद, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावताना ठेवावं तसं.

जवळच एक पोड होतं, कोलामांची छोटी वस्ती. पाणी प्यायला मावशी आम्हाला तिकडे घेऊन गेली. एक बाई अंगणात मोहफुलं पसरत होती. तिनं वर पाहिलं, आणि हातातलं सूप खाली पडलं.

"सोमी?"

लेकरानं मान वळवली. आम्ही पाहिलं, मावशीनं पाहिलं. इतके दिवस कशालाच न वळलेली मान सहज वळली. ती मावशीच्या कडेवरून उतरली आणि चालत जाऊन त्या बाईच्या लुगड्यात तोंड घालून उभी राहिली.

ती तिची मोठमाय, आईची थोरली बहीण. सोमीची आई मागच्या पावसाळ्यात साप चावून गेली. दिवाळीनंतर बाप लेकीला घेऊन आदिलाबादकडे वीटभट्टीवर गेला. पोडावरच्या लोकांना वाटत होतं, दोघं तिकडेच असतील. बापाचं काय झालं, लेकरू बस स्टँडवर कसं आलं, ते तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही नाही.

मावशीनं झाडाचं सांगितलं. बाई ऐकत होती. "ते माह्या बहिणीचं झाड," ती म्हणाली. या भागात मोहाची झाडं घरांना वाटलेली असतात, हे झाड या घरचं, ते त्या घरचं. "औंदा कोणी गेलं नाई तठी. मलेच जाववलं नाई."

"मंग झाडलं कोणी?"

बाईनं सोमीच्या केसांतून एक काडी काढली. "तिनंच झाडलं असंल," म्हणाली. कोणी, ते बोलली नाही.

सोमी लगेच घरी गेली नाही. बालकल्याण समितीपुढे जावं लागलं, चौकशी झाली, पोडावरून चार माणसं येऊन बोलून गेली. तेवढे दिवस ती आमच्याकडेच होती. आता ती बोलायची, थोडं कोलामी, थोडं मराठी. पण दुपारी मान वर करायची नाही. कोणालाच काही ऐकू येईना. रेश्मा हौदावर उगाच जास्त वेळ बसायची. श्रावणीनं कानाची ओढणी सोडली होती. मी गच्चीवर टाकीच्या सावलीत पाय भाजेपर्यंत उभी राहायचे, ओठ उघडे ठेवून. दुपार अगदी रिकामी झाली होती. आधीच्या भीतीपेक्षा ते मला जास्त भयाण वाटलं.

मोठमाय घ्यायला आली तेव्हा फाटकातूनच तिनं हाक मारली, "सोमीऽऽ!" आणि ती धावली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. पाहायला हवं होतं असं मला तेव्हा वाटलं, आता वाटत नाही. हाक आली की लेकरानं असंच धावावं.

रेश्माचा चाचा शाळा सुरू व्हायच्या जरा आधी आला, काठी टेकत. ट्रकनं उडवलं होतं, पाय मोडून नागपूरच्या दवाखान्यात पडून होता. रेश्मा आधी त्याच्याशी बोललीच नाही, मग त्याच्या पायावरून हात फिरवत राहिली. आता ढाणकीला तिचं शिवणकामाचं दुकान आहे. श्रावणी लग्न होऊन दारव्ह्याकडे गेली, आणि मुलीचं नाव ठेवताना तिनं मला फोन करून विचारलं, असं एखादं नाव सांग जे कोणत्याच महिन्याचं नाही. कमलमावशी तीन वर्षांपूर्वी गेली. सोमी पोडावरच आहे. दोनदा भेटले. तिला बालगृहातलं काही आठवत नाही. व्हरांडा नाही, चिंचा नाहीत, मी नाही. "लहान होती मी," ती म्हणाली आणि हसली.

मला विचारलं तर मी इतकंच सांगेन की त्या उन्हाळ्यात काहीतरी आमच्या भिंतीपर्यंत आलं होतं. ते सोमीसाठी आलं होतं. आम्ही तिच्या शेजारी बसलो होतो म्हणून आम्हालाही थोडं मिळालं.

सोमी गेली त्या संध्याकाळी आम्ही तिघी मैदानात होतो. सूर्य बुडाला होता, उजेड होता. वस्तीतून हाका सुरू झाल्या. मावशी घंटा वाजवायला स्वयंपाकघराच्या दारात आली. मी तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "मावशी, आज घंटा नका वाजवू. हाक मारा."

"कोणाले?"

"आम्हाला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मी पळत मैदानाच्या पार टोकाला, भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. श्रावणी मोठी होती, तिला लाज वाटत होती, पण ती दुसऱ्या कोपऱ्यात गेली. रेश्मा झोपाळ्यापाशी. मावशी उंबऱ्यावर उभी राहिली, तोंडाशी हात धरला. नाव घेतलंच नाही तिनं. "ए माय वंऽऽ! या वं घरीऽऽ!"

आणि मी धावले. त्या वयात मी कशाकडेही इतक्या जोरानं धावले नव्हते. वारं कानात भरलं होतं, फ्रॉक पायात येत होता. आणि माझ्या अगदी मागे, माझ्याच वेगानं, आणखी कोणाची तरी अनवाणी पावलं धावत येत होती. मला वाटलं, रेश्मा. मला हसू येत होतं, ती मला गाठेल म्हणून मी आणखी जोरात पळाले.

दाराशी पोचले तेव्हा रेश्मा आधीच मावशीला बिलगून उभी होती. श्रावणीसुद्धा. मी धापा टाकत आत शिरले.

मावशीनं दार लगेच लावलं नाही. माझ्या डोक्यावरून मैदानाकडे बघत ती थोडी बाजूला सरकली, वाट दिली, आणि मग कडी घातली.